सत्तरीत वजन उतरले म्हणून पाठ थोपटू नका

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच ज्येष्ठांसाठी आरोग्य शिबिरे भरवणारे ज्येष्ठ नागरिक संघ, गणेश मंडळे आणि रुग्णालये यांस

विषय : पासष्टीपुढच्या माणसांचे वजन कसे घ्यावे, कुठे लिहावे आणि त्यावरून काय सांगू नये

स. न. वि. वि.

१ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन जवळ आला की गावोगावी शिबिरांचे मांडव पडतात. पहिल्या टेबलावर रक्तदाब, दुसऱ्यावर साखर, तिसऱ्यावर वजन-उंची आणि शेवटी डॉक्टर. बहात्तर वर्षांच्या आजी येतात, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) २६ निघतो आणि कागदावर लाल शाईने 'वजन कमी करा, भात-बटाटा बंद' असे लिहून मिळते. त्यांच्यामागे अठ्ठ्याहत्तरचे आजोबा असतात. अंगाने काटकुळे, बीएमआय २०. त्यांना 'वा, छान मेंटेन केलंय' अशी शाबासकी. दोघांपैकी जास्त काळजी कुणाची करायची, हे तिथे कुणी विचारत नाही. विचारले तरी उत्तर देता येणार नाही, कारण आजोबांचे गेल्या वर्षीचे वजन कुठेच लिहिलेले नसते.

आमचे म्हणणे एवढेच आहे की पासष्टीनंतर वजन किती आहे यापेक्षा ते कुठून कुठे आले हे महत्त्वाचे. ठरवून न घटवलेले वजन ही तक्रार समजून तपासा. मरणाच्या धोक्याशी तिचा संबंध आहेच, पण स्मृतिभ्रंशाशीही आहे, आणि या दुसऱ्या संबंधाबद्दल आपल्याकडे जवळजवळ कुणी बोलत नाही.

आधी मरणाच्या धोक्याचे पाहू. २०१४ साली ६५ वर्षांपुढच्या सुमारे १ लाख ९८ हजार लोकांवरच्या ३२ अभ्यासांची मोजदाद एकत्र करून प्रसिद्ध झाली. त्यात सर्वांत कमी मृत्यू बीएमआय २७ च्या आसपास दिसले. २३ च्या खाली धोका वाढू लागला. २१ ते २२ च्या दरम्यान तो सुमारे १२ टक्क्यांनी जास्त होता. वरच्या बाजूला ३३ ओलांडल्यावर कुठे ८ टक्के वाढ दिसली. म्हणजे तरुणांच्या तक्त्यात 'उत्तम' म्हणून हिरव्या रंगात असलेला पट्टा म्हाताऱ्यांसाठी तितका हिरवा नाही. हे अभ्यास बहुतेक पाश्चात्त्य देशांतले आहेत, त्यामुळे २७ हा आकडा उचलून आपल्या आजीला चिकटवू नये. आपल्याकडे २३ पुढे जादा वजन आणि २५ पुढे लठ्ठपणा मानतात, त्यालाही कारण आहे: त्याच बीएमआयला आपल्या अंगात चरबी जास्त असते. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापे छापली होती. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बीएमआय हाडे, स्नायू, चरबी आणि पाणी एकाच पोत्यात भरून तोलतो. म्हातारपणी त्या पोत्यातला स्नायू आधी गळतो, पोट तसेच राहते.

आता मेंदू. २०१५ साली ब्रिटनमधल्या जवळपास २० लाख लोकांच्या नोंदींवरून एक निष्कर्ष आला की बारीक माणसांत स्मृतिभ्रंश ३४ टक्क्यांनी जास्त आणि अतिलठ्ठ माणसांत २९ टक्क्यांनी कमी. लगेच 'लठ्ठपणा मेंदूला तारतो' असे मथळे झळकले. २०१८ मध्ये ३९ पाहण्यांतल्या १३ लाखांहून अधिक लोकांची माहिती काळाच्या हिशेबाने लावून पाहिली, तेव्हा गाठ सुटली. निदानाच्या वीस वर्षांहून आधी मोजलेला बीएमआय ५ ने जास्त असेल तर धोका १६ टक्के जास्त. निदानाच्या आधीच्या दहा वर्षांत मोजला तर तोच चढा बीएमआय असणाऱ्यांत धोका २९ टक्के कमी. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर २८ वर्षे चाललेल्या पाहणीतही हेच दिसले. पुढे स्मृतिभ्रंश झालेल्यांचे वजन आधी इतरांपेक्षा जास्त होते आणि निदानाच्या सुमारे आठ वर्षे आधीपासून ते इतरांच्या खाली गेले.

याचा अर्थ बारीकपणामुळे विसराळूपणा आला असा नाही. आजार आतून सुरू झाला आणि त्याने वजन खाल्ले. अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात, वासाची जाण लवकर जाते. फोडणीचा वास आला नाही की भूक कशी लागणार? पुढे स्वयंपाकाचा क्रम सुटतो. कणीक मळून झाकून ठेवली जाते आणि तशीच राहते. जेवलो की नाही हे आठवत नाही, आणि 'जेवले मी' हे उत्तर मात्र सवयीने येते. बऱ्याचजणांना फक्त गोड रुचते. आणखी पुढे घास तोंडात घोळत राहतो, गिळायचे लक्षात येत नाही. घरच्यांना विसरणे दिसते ते फार नंतर. त्याच्या कितीतरी आधी हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागलेल्या असतात, ब्लाउजला आतून टाचणी लागलेली असते, पट्ट्याला खिळ्याने नवे भोक पाडलेले असते आणि कवळी बोलताना खडखडते.

मध्यमवयाचा लठ्ठपणा मात्र खरोखर वाईटच. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी जी १४ कारणे मोजली, त्यांत तो आहे. तेव्हा 'वजन कमी करा' हा शिक्का फेकून देऊ नका, पंचेचाळीशीच्या टेबलावर न्या. आज तो पंचाहत्तरीच्या टेबलावर सर्रास मारला जातो आणि पंचेचाळीशीचा माणूस शिबिरात येतच नाही, ही गंमत तुम्हीही पाहिली असेल.

आकाराने हा प्रश्न छोटा नाही. लासी या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या साठीपुढच्या चौथाईहून अधिक लोकांचे वजन कमी भरले. त्याच पाहणीच्या स्मृतिभ्रंशावरच्या भागातून साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला. आणि आशाताई घरोघरी जो सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका ओळखण्याची प्रश्नावली, भरतात, त्यात जाड कंबरेला धोक्याचे गुण आहेत. बारीक झालेल्या पोटरीला एकही गुण नाही. वजन घटल्याचा प्रश्न आहे, पण तो क्षयरोगाच्या लक्षणांत. जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरता का, हाही प्रश्न आहे, पण तो ज्येष्ठांच्या वेगळ्या भागात. दोन्ही उत्तरे 'हो' आली तर त्यांची एकमेकांशी सांगड घालायची, हे कुणी शिकवलेले नाही.

मोजण्यातल्या चुकांनी निम्मा घोळ होतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. काटा सतरंजीवर किंवा मांडवातल्या मातीवर ठेवू नका. फरशीचा सपाट तुकडा किंवा जाड प्लायवूड शोधा. सकाळी सुरू करण्यापूर्वी एका कार्यकर्त्याला उभे करा, आकडा लिहा, मग हातात पाच किलोची सीलबंद पिठाची पिशवी देऊन पुन्हा उभे करा. फरक ४.८ ते ५.२ मध्ये आला नाही तर तो काटा वापरू नका. चपला, स्वेटर, शाल, खिशातला मोबाइल आणि किल्ल्यांचा जुडगा बाजूला. लुगड्याचे वजन अर्ध्या किलोहून जास्त भरू शकते. ते उतरवायला लावायचे नाही, फक्त 'नऊवारी' असे शेजारी लिहायचे, म्हणजे पुढच्या वेळी तुलना खरी होईल. तोल जाणाऱ्यांना काट्यावर चढताना धरा, आकडा वाचताना सोडा. हात खांद्यावर राहिला तर दोन किलो सहज इकडचे तिकडे होतात.

उंचीची गफलत तर हास्यास्पद आहे. तरुणपणी १६० सेंटिमीटर असलेल्या, ६२ किलोच्या बाईंचा बीएमआय २४.२. मणके खचून, पाठीला बाक येऊन त्या १५४ झाल्या. वजन तेच, तरी बीएमआय २६.१. एक ग्रॅमही न वाढता बाई 'लठ्ठ' झाल्या आणि त्यांचा भात बंद झाला. वास्तविक सहा सेंटिमीटर उंची कमी झाली म्हणजे हाडांची तपासणी हवी. ते राहिले बाजूला. पाठ वाकलेली असेल तर तरुणपणची उंची विचारून लिहा, किंवा बीएमआय काढूच नका.

त्याऐवजी पोटरी मोजा. खुर्चीत बसवा, पावले जमिनीला टेकलेली, गुडघा काटकोनात. न ताणणाऱ्या टेपने पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. टेप कातडीला लागला पाहिजे, रुतता कामा नये. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या शिफारशीनुसार पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरच्या खाली गेल्यास स्नायू घटल्याची शंका घ्यावी. आधी नडगीवर अंगठा पाच सेकंद दाबून पाहा. खड्डा राहिला तर सूज आहे, मग पोटरीही खोटे बोलते आणि वजनही. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाणी साठून वजन स्थिर दिसते आणि आत माणूस झिजत असतो. नंतर हात छातीशी घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला सांगा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पायांतले बळ कमी झाले आहे.

किती घट म्हणजे जास्त? सहा महिन्यांत ५ टक्के, किंवा त्याहून लांब काळात १० टक्के. साठ किलोच्या माणसाचे तीन किलो. पण ४५ किलोच्या आजीचे सव्वादोनच, आणि आपल्या ग्रामीण भागात ४५ किलोच्या आज्याच जास्त. 'तीन महिन्यांत तीन किलो' हा सोपा नियम जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्येष्ठांसाठीच्या मार्गदर्शिकेत आहे आणि पहिल्या चाळणीला तो चांगलाच आहे. फक्त ४५ किलोला तीन किलो म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या वर गेले. तिथे टक्केवारीच लावा.

घट पक्की झाली की पहिला प्रश्न : जेवण कमी झाले आहे, की जेवूनही वजन उतरते आहे? जेवूनही उतरत असेल तर साखर, थायरॉइड आणि पचनाचे विकार आधी पाहा. म्हातारपणी थायरॉइड वाढले तरी धडधड-घाम असेलच असे नाही. माणूस नुसता मलूल होतो. जेवण कमी झाले असेल तर तोंडात बॅटरी मारून पाहा. सैल कवळी, सुजलेल्या हिरड्या, पांढरी बुरशी यांत बऱ्याच भुका अडकलेल्या असतात. मग बद्धकोष्ठता, गिळताना ठसका, उदासी, जोडीदाराच्या निधनानंतर एकट्याने जेवणे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची ट्रूनॅट किंवा सीबीनॅट तपासणी आणि छातीचा एक्स-रे. म्हाताऱ्यांचा क्षय पुष्कळदा तापाशिवाय येतो. रक्तात हिमोग्लोबिन, ईएसआर, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर), टीएसएच, क्रिएटिनिन, यकृत आणि बी१२. कर्करोगाची शंका मनात ठेवायचीच, पण पहिल्याच दिवशी पूर्ण शरीराचा स्कॅन लिहून पेशंटला घाबरवायचे कारण नाही.

औषधांची पिशवी मागवा. टेबलावर ओता. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनने भूक मंदावते आणि वर्षानुवर्षे घेतल्यास बी१२ कमी होते. बी१२ ची कमतरता स्वतःच विसराळूपणा आणू शकते. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या लघवीवाटे साखर काढून वजन उतरवतात. पन्नाशीत तो फायदा असतो. ऐंशीतल्या ४८ किलोच्या माणसात तो तोटा ठरू शकतो. स्मृतिभ्रंशावरचे डोनेपेझिलसुद्धा मळमळ आणि वजनघट करते, म्हणजे ज्यासाठी दिले त्याच दुखण्यावर भर. २०२५ पासून वजन उतरवणारी टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइडची इंजेक्शने आपल्याकडे मिळू लागली आहेत. 'मुलाने घेतली, आता आईलाही देऊ का' अशी विचारणा होणारच. चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि सत्तरीत गेलेला स्नायू परत आणणे फार कठीण.

याहून धोकादायक एक गोष्ट शिबिरात हमखास सुटते. माणूस कमी जेवू लागतो, वजन उतरते, साखर 'सुंदर' येते, आणि साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडचा जुना डोस तसाच चालू राहतो. मग पहाटे साखर खाली जाते. घाम, बडबड, बाथरूममध्ये पडणे. घरचे म्हणतात, 'बाबांना भ्रम होतोय.' वजन ५ टक्क्यांनी उतरले की मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या प्रत्येक गोळीचा डोस पुन्हा पाहा. रक्तदाब बसून आणि उभे करून, दोन्ही वेळा घ्या. अनेक आजार असलेल्या, अशक्त ज्येष्ठांमध्ये एचबीए१सी ८ च्या खाली असला तरी पुरतो. साडेसहाचा हट्ट त्यांच्यासाठी नाही.

जेवणाबद्दल 'पौष्टिक खा' असे लिहून काही होत नाही. म्हाताऱ्या माणसाला किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत; पन्नास किलोला ५० ते ६० ग्रॅम. घराघरांतले प्रत्यक्ष ताट कसे असते? सकाळी चहा-खारी, दुपारी मऊ भात आणि वरणाचे पाणी, रात्री 'हलके' म्हणून पुन्हा मऊ भात. पन्नासच्या निम्मीही भरती होत नाही. तेच असे बसवता येते : दिवसभरात दोन कप दूध (सुमारे १३ ग्रॅम), दोन वाट्या घट्ट वरण, प्रत्येकी ३० ग्रॅम डाळीचे (१३ ग्रॅम), तीन लहान पोळ्या किंवा भाकऱ्या (१० ग्रॅम), एक वाटी दही (५ ग्रॅम), मूठभर शेंगदाण्याचे कूट (७ ग्रॅम). झाले ४८. अंडे चालत असेल तर एका अंड्याचे आणखी ६. दात नसतील तर कूट पेजेत, नाचणीचे सत्त्व पाण्याऐवजी दुधात, भाकरी दुधात कुस्करून. भूक मंद असलेल्याला एका ताटाऐवजी पाच लहान वाट्या द्या आणि वर चमचाभर तूप सोडा. पाच ग्रॅम तुपातून ४५ कॅलरी मिळतात, पोट भरत नाही. जेवणाआधी चहा नको. वजन घटत असेल तोवर एकादश्या आणि चातुर्मासाचे उपास थांबवायला डॉक्टरांनी स्वतः सांगावे. सुनेने सांगितले तर घरात वाद होतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचे प्रमाण तज्ज्ञाला विचारूनच, पण 'किडनीला त्रास नको' म्हणून सरसकट डाळ बंद करण्याची फॅशन थांबली पाहिजे.

खरोखर लठ्ठ असलेल्या, गुडघे गेलेल्या सत्तरीच्या माणसाचे काय? त्यांना थोडे वजन उतरवल्याने चालणे सोपे होते, पण नुसती उपासमार नको. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६० लठ्ठ ज्येष्ठांच्या प्रयोगात, आहार कमी करून फक्त चालणे-सायकल असा व्यायाम केलेल्यांचा स्नायूयुक्त भाग ५ टक्क्यांनी घटला, जोडीला वजने उचलणाऱ्यांचा ३ टक्क्यांनी. म्हणून आहारात कपात करायचीच तर आठवड्यातून तीनदा खुर्चीतून उठबस, भिंतीला हात टेकून दंड आणि वाळूची अर्ध्या किलोची पुरचुंडी घोट्याला बांधून पाय उचलणे, हे सोबत हवेच.

स्मृतीची चाळणी पाच मिनिटांची आहे. तीन असंबद्ध शब्द सांगा, जसे की कमळ, खुर्ची, रुपया. ते परत म्हणून घ्या, दोन-तीन मिनिटे दुसरे काही बोला, मग विचारा. घड्याळ काढायला सांगण्याची चाचणी शाळा न शिकलेल्यांना लावू नका. ती स्मृतीऐवजी शाळा मोजते. तारीख विचारताना 'काल एकादशी झाली, आज बारस' हे उत्तर आले तर ते बरोबर धरा. सोबत आलेल्याला बाजूला घेऊन विचारा : पैशाचा हिशेब, गोळ्यांच्या वेळा, गॅस चालू राहणे, ठरलेल्या वाटेने घरी परत येणे, यांतले गेल्या वर्षभरात काय बदलले? मोठ्याने, आणि ऐकू येते आहे ना हे पाहून विचारा. कानात मळ असलेला माणूस या परीक्षेत विनाकारण नापास होतो. मुले पुण्यात किंवा परदेशात असतील तर त्यांना फोन करून काही कळणार नाही. व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसतो, पोटऱ्या दिसत नाहीत.

आता मागणी. पासष्टीपुढच्यांसाठी भिंतीवरचा लाल-हिरवा बीएमआय तक्ता काढून टाका. आशाताईंच्या फेरीत दर तीन महिन्यांनी वजन घ्या, त्याच काट्यावर. ५ टक्के घट दिसली की पंधरा दिवसांत प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि त्याच भेटीत स्मृतीची चाळणी. कुपोषणाच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या सहा प्रश्नांच्या चाचणीत 'वजन घटले का, माहीत नाही' या उत्तराला तीनपैकी एकच गुण मिळतो, एक ते तीन किलो घटले म्हणणाऱ्याला दोन; तिथे गुण कमी तितका धोका जास्त. न माहीत असणे हाच तिथे धोका धरला आहे. आपल्याकडे बहुतेकांचे उत्तर तेच असते.

यासाठी नवी योजना नको, एक कार्ड पुरे. पोस्टकार्डाएवढे, जाड कागदाचे, अक्षर मोठे. वर नाव आणि तरुणपणची उंची. खाली बारा ओळी आणि प्रत्येक ओळीत पाच रकाने : तारीख, वजन, कपडे, पोटरी, मागच्या वेळेपेक्षा किती. तळाला ठळक छापा : 'न ठरवता वजन उतरले असेल तर हे कार्ड घेऊन डॉक्टरांकडे या. औषधांची पिशवी सोबत आणा.' कार्ड शिबिराच्या फायलीत ठेवू नका. एसटीच्या सवलतीसाठी जो पास किंवा आधार कार्ड ही मंडळी जिवापाड जपतात, त्याच प्लास्टिकच्या पाकिटात ते दुमडून बसेल अशा मापाचे कापा.

आपले,
ज्येष्ठांच्या बाह्यरुग्ण विभागात काम करणारे डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट